पहिला जुना रोल-प्लेइंग गेम कोणता घ्यावा: फॉलआउट, बाल्डर्स गेट की प्लेनस्केप?

2023 मध्ये ‘बाल्डर्स गेट 3’ आला. तो संपवलेल्या अनेकांना मग मुळाशी जावंसं वाटतं आणि ते 1998 चा पहिला ‘बाल्डर्स गेट’ उतरवून घेतात. तासभर बसून कॅरेक्टर तयार करतात, कँडलकीपच्या तटबंदीबाहेर पडतात आणि पहिल्याच रानात एखादा लांडगा दोन चाव्यांत सगळं आटोपतो. असं तीन-चारदा झालं की गेम बंद होतो आणि ‘जुने गेम आपल्याला जमणारे नाहीत’ असं मत कायमचं बनतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच काळातला दुसरा एखादा गेम हाती पडला असता तर तोच माणूस पहिल्याच रात्री त्यात गुंतला असता.

म्हणून इथे तीन गेम शेजारी शेजारी ठेवतो. इंटरप्लेचा ‘फॉलआउट’ ऑक्टोबर 1997 चा, बायोवेअरचा ‘बाल्डर्स गेट’ डिसेंबर 1998 चा आणि ब्लॅक आइलचा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ डिसेंबर 1999 चा. तिन्ही वरून तिरकस दिसणारे, तिन्ही माउसवर चालणारे. स्क्रीनशॉट पाहिले तर भावंडं वाटतात, पण खेळणाऱ्याकडून मागतात ते फार वेगळं.

ग्राफिक्सची काळजी सोडा. डोळे अर्ध्या तासात सरावतात. नवा माणूस थकतो तो गेम काहीच समजावून सांगत नाही म्हणून. त्या काळी खोक्यात जाडजूड मॅन्युअल यायचं आणि खेळणाऱ्याने ते वाचलंय असं बनवणारे धरूनच चालायचे. नियम, मंत्र, कोणतं बटण काय करतं, सगळं त्यात. आज ते पीडीएफ होऊन फोल्डरच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. त्यामुळे निवड करताना एवढंच विचारा: पहिल्या तीन तासांत हा गेम माझ्याकडून काय मागणार?

माझं उत्तर आधीच देतो: बहुतेकांनी फॉलआउटपासून सुरुवात करावी. पानंच्या पानं वाचायला ज्यांना मनापासून आवडतं त्यांनी प्लेनस्केप. बाल्डर्स गेट दुसऱ्या नंबरावर ठेवावा, आवडीने कितीही वर असला तरी.

फॉलआउट

अणुयुद्धानंतरचं ओसाड जग. तुम्ही जमिनीखालच्या व्हॉल्ट 13 मध्ये वाढलेले. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप बिघडली आहे आणि नवी आणायला तुमच्याकडे 150 दिवस आहेत. सुरू करायला एवढी माहिती पुरते.

बाकीचे दोन गेम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमच्या नियमांवर उभे आहेत. फॉलआउटचे नियम मात्र फॉलआउटसाठीच रचलेले. टीमला आधी ‘गर्प्स’ ही तयार नियमावली वापरायची होती, तो करार फिसकटला आणि त्यांनी स्वतःची ‘स्पेशल’ पद्धत बनवली. नवख्याला याचा मोठा फायदा होतो, कारण सगळं टक्क्यांत दिसतं. शत्रूवर नेम धरला की गोळी लागण्याची शक्यता तिथेच आकड्यात येते. लढाई टर्न-बेस्ड आहे, म्हणजे तुम्ही विचार करेपर्यंत समोरचा थांबतो.

कॅरेक्टर बनवताना सात गुण समोर येतात आणि वाटायला 5 पॉइंट मिळतात. त्यातल्या अ‍ॅजिलिटीचं गणित आधी समजून घ्या. ती, म्हणजे चपळाई, 5 असेल तर दर टर्नला 7 अ‍ॅक्शन पॉइंट मिळतात आणि साध्या पिस्तुलाच्या एका गोळीला 5 लागतात. म्हणजे एक गोळी, उरलेले 2 पॉइंट फार तर दोन पावलं मागे सरकायला. अ‍ॅजिलिटी 10 केली की 10 पॉइंट, म्हणजे दोन गोळ्या. या एका गुणाने तुमचा मारा दुप्पट होतो आणि गेम हे कुठेही सांगत नाही. कौशल्यांपैकी स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक या तिघांवर खूण करा. जुगार आणि फेकण्याच्या कौशल्यावर पॉइंट घालवू नका. इंटेलिजन्स 4 च्या खाली नेलं तर तुमच्या कॅरेक्टरला धड वाक्यही बोलता येत नाही. तो अनुभव घेण्यासारखा आहे, पण दुसऱ्या खेपेला.

150 दिवसांची धास्ती घेऊन अनेक जण गेम उघडतच नाहीत. दिवस खर्च होतात ते मुख्यतः नकाशावरच्या लांब प्रवासात; गावात फिरण्या-बोलण्यात नाही. शिवाय हब नावाच्या शहरात पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन मुदत 100 दिवसांनी वाढवता येते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: सुरुवातीलाच व्हॉल्ट 15 चा पत्ता मिळतो, पण तिथे खाली उतरायला दोर लागतो. वाटेतल्या शेडी सँड्स गावात तो मिळवा आणि मगच पुढे जा. नाहीतर दिवस खर्चून परत यावं लागेल.

खटकण्यासारखंही बरंच आहे. उजव्या क्लिकने कर्सरचा प्रकार बदलतो, हे कळेपर्यंत चिडचिड होते. जमिनीवरच्या वस्तू बारीक आणि दिसायला अवघड. सोबती तुमच्या ताब्यात नसतात. दारात उभे राहून वाट अडवतात, आणि इयन नावाच्या सोबत्याच्या हातात फैरी झाडणारी बंदूक दिलीत तर तो तुमच्याही पाठीत गोळ्या घालेल. ऑटोसेव्ह नाही, म्हणून सेव्हच्या दहा जागा आलटून पालटून वापरा.

तरीही हाच पहिला, कारण तो आटोपशीर आहे. साधारण पंधरा-वीस तासांत संपतो, आणि तेवढ्यात या प्रकारच्या गेमचं मर्म हाती येतं: तुम्ही जसं कॅरेक्टर बनवलंत तसं जग तुमच्याशी वागतं. अगदी शेवटच्या शत्रूलाही, पुरेसे पुरावे आणि पुरेसं स्पीच असेल तर, एकही गोळी न झाडता नुसत्या बोलण्याने हरवता येतं. 1997 च्या गेममध्ये हे आहे याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

बाल्डर्स गेट

इथे एकटं कॅरेक्टर नाही, सहा जणांची पार्टी सांभाळायची असते. लढाई सतत चालू असते आणि स्पेसबार दाबून तुम्ही ती थांबवता, हुकूम देता, पुन्हा सोडता. ज्याला हे आवडतं त्याला फॉलआउटची लढाई नंतर संथ वाटू शकते.

अडचण नियमांची आहे. हे डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम, आणि त्यात चिलखताचा आकडा, म्हणजे आर्मर क्लास, जितका कमी तितकं संरक्षण जास्त. ‘थॅको’ नावाच्या आकड्याला सगळे घाबरतात, पण ते एका वजाबाकीत संपतं. तुमच्या थॅकोतून शत्रूचा आर्मर क्लास वजा करा. वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा त्याहून जास्त पडलं की घाव लागला. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याचा थॅको 20, समोरच्याचा आर्मर क्लास 5, म्हणजे 15 हवेत. शंभरातले तीसच घाव लागतात. सुरुवातीच्या लढाया इतक्या रखडतात त्या यामुळे.

आणि तुम्ही जादूगार निवडलात तर चार-सहा हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) आणि एखादाच मंत्र घेऊन बाहेर पडता. म्हणून पहिल्या खेपेला योद्धा घ्या आणि हातात धनुष्य द्या, कारण या गेममध्ये धनुष्यातून एका फेरीत दोन बाण सुटतात. कँडलकीपबाहेर इमोएन भेटते, तिला सोबत घ्या. मग रानात भटकू नका, रस्ता धरून थेट फ्रेंडली आर्म इन ही सराय गाठा. तिथे खालिद आणि जहीरा पार्टीत येतात. सरायीच्या पायऱ्यांजवळ एक जादूगार तुमच्या जिवावर टपलेला असतो. आधी सेव्ह करा आणि तो बोलायला लागला की सगळ्यांचे बाण त्याच्यावरच. मार बसला की त्याचा मंत्र अर्ध्यात तुटतो. पुढे पार्टीत जादूगार आला की ‘स्लीप’ शिकवा. झोपलेल्या शत्रूवर घाव चुकत नाही. कथेतल्या लोखंडाच्या संकटामुळे साधी शस्त्रं मध्येच मोडतात, तेव्हा एखादं जादा ठेवा. तुमचं मुख्य पात्र मेलं तर गेम संपतो. सोबत्यांना मात्र बहुधा देवळात पैसे देऊन परत उठवता येतं.

हे पहिले काही तास पार केलेत तर मिळतं ते मोठं आहे. ज्या लांडग्याने मारलं होतं त्याच्यासारखे चार, पार्टी सहज लोळवते. हेच कॅरेक्टर पुढे 2000 च्या ‘बाल्डर्स गेट 2’ मध्ये नेता येतं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे असं माझं मत, तरी थेट तिथे उडी मारू नका. तिथे मंत्रांची यादी पहिल्या दिवसापासून अंगावर येते.

प्लेनस्केप: टॉर्मेंट

शवागारातल्या दगडी ओट्यावर जाग येते. नाव आठवत नाही, आणि शेजारी एक तरंगती कवटी गप्पा मारायला हजर. तुमचा नायक मरत नाही. म्हणजे मरतो आणि बहुतेक वेळा पुन्हा उठतो. नवख्याला इतकं माफ करणारा दुसरा जुना गेम मला माहीत नाही.

लढाई इथे सगळ्यात कच्ची आहे, यात वाद नाही. पण बरीचशी टाळता येते, आणि खरा खेळ संवादांत आहे. सगळे गुण 9 पासून सुरू होतात आणि वर 21 पॉइंट मिळतात. ते विज्डम, इंटेलिजन्स आणि करिष्मा यांतच घाला, विज्डम सगळ्यात जास्त. त्यामुळे जुन्या आठवणी उघडतात, आणि आठवणींतून जितका अनुभव मिळतो तितका तलवारीतून मिळत नाही. ताकदवान योद्धा बनवून खेळणारा या गेमचा उत्तम भाग न पाहताच पुढे जातो. शेवटाकडे लढाया वाढतात, तेव्हा डिफिकल्टी खुशाल खाली आणा.

मजकूर मात्र प्रचंड आहे, आणि सिगिल शहरातले लोक चोरट्यांच्या ठेवणीतलं इंग्रजी बोलतात. अर्धे शब्द संदर्भाने लावावे लागतात. दिवसभराच्या कामानंतर शीण घालवायला गेम हवा असेल तर हा घेऊ नका. सुट्टीसाठी राखून ठेवा.

‘मोरोविंड’बद्दल अनेक जण विचारतात. 2002 चा, थ्री-डी, या तिघांहून वेगळ्या जातीचा. एकट्याने अनोळखी मुलुख तुडवायचा असेल तर जरूर. नकाशावर बाण नसतो, लोकांनी सांगितलेल्या खुणांवरून वाट काढायची. फक्त धावून दमलेल्या अवस्थेत लढू नका. फटीग खाली गेला की समोर उभ्या शत्रूलाही तलवार लागत नाही.

आवृत्त्यांचं म्हणाल तर बाल्डर्स गेट आणि प्लेनस्केप यांच्या एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारित आवृत्त्याच घ्या. पहिली 2012 ची, दुसरी 2017 ची, दोन्ही बीमडॉग कंपनीच्या. टॅब दाबून वस्तू उजळतात, एवढ्यासाठीही त्या घ्याव्यात. बाल्डर्स गेटमध्ये स्टोरी मोड आहे, त्यात पार्टी मरत नाही. नियम शिकेपर्यंत तो चालू ठेवण्यात काही गैर नाही.

आणि फॉलआउट संपल्यावर लगेच ‘फॉलआउट 2’ सुरू करणार असाल तर एक सूचना: तो एका मंदिरातल्या परीक्षेने सुरू होतो आणि तिथे हातात भाला असतो, बंदूक नाही. बंदुकीवर बेतलेल्या कॅरेक्टरला तो अर्धा तास जड जातो. मुंग्या आणि विंचू चुकवत थेट पुढच्या दाराकडे धावा, आणि स्पीच चांगलं असेल तर शेवटी समोर येणाऱ्या गावकऱ्याशी न लढता बोलून बघा.