परदेशी जाणाऱ्यांनी बॅगेत काय न्यावं: लोकमान्य नगरच्या काकूंकडचे मसाले आणि पॅकिंग

लांबच्या देशात वर्ष-दोन वर्षं राहायला जायचंय, आणि तेही बड्या कंपनीच्या नोकरीवर नाही तर व्हॉलंटिअर म्हणून, अशांसाठी मुद्दाम लिहितेय. इंदूरला लोकमान्य नगरात एक काकू घरूनच गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चटण्या करून देतात आणि बाहेर न्यायचं असेल तर तसं पॅकिंगही करतात. त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण त्यांना ते नकोय, पण त्या भागात कुठल्याही मराठी घरी विचारा, सांगतील.

मी यूएन व्हॉलंटिअर आहे, सध्या आफ्रिकेतल्या मलावीत, दक्षिणेला झोंबा शहराच्या बाजूला. हा प्रोग्राम 1970 पासूनचा, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला. पगार नसतो, राहण्या-खाण्याचा भत्ता असतो आणि महिन्याला अडीच दिवस सुट्टी साठत जाते. ती साठवायची आणि एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे घरी यायचं, त्यातच आईसोबत राहायचं, डेंटिस्टकडे जायचं, राहिलेली लग्नं-बारशी करायची, सराफ्यात एक चक्कर मारायची आणि बॅग भरायची. त्यामुळे बॅगेत काय जाणार हा आमच्यासाठी फार मोठा विषय असतो, कारण पुढचं वर्षभर त्याच्यावरच काढायचं असतं.

काकूंची खासियत म्हणजे त्या ऑर्डर घ्यायच्या आधी विचारतात की तिकडे काय मिळतं? बाकी सगळीकडे काय द्यायचं ते त्यांचं ठरलेलं असतं, रेडी टू ईटची पाकिटं, शेव, चिवडा, लाडू. काकू वही घेऊन बसल्या, तांदूळ मिळतो का, टोमॅटो-कांदा रोज मिळतो का, गॅस आहे की कोळशाची शेगडी, फ्रीज चालतो का. मी म्हटलं फ्रीज आहे पण लाइट सारखी जाते. मग म्हणाल्या, "तूर मिळते ना? मग डाळीचं वजन कशाला नेतेस गं?"

आणि खरंच तूर तिथे भरपूर मिळते! दक्षिण मलावीत मक्याच्या शेतातच तूर लावतात, तिला नांदोलो म्हणतात, अख्खीच उकडून खातात. भारताने 2021 साली मलावीशी पाच वर्षांचा करार केला होता, वर्षाला 50,000 टन तूर घ्यायची, आणि आपल्या इंदूरला तर दालमिलाच दालमिला, म्हणजे मी ज्या बायकांबरोबर काम करते त्यांच्या शेतातली तूर उद्या आपल्या एखाद्या मिलमधे भरडली गेली तरी नवल नाही. ब्लांटायर शहरातल्या लिंबे भागात गुजराती दुकानं आहेत, तिथे हळद, हिंग, मोहरी, सगळं मिळतं. नाही मिळत तो गोडा मसाला, मेतकूट, आमसूल, थालीपिठाची भाजणी. काकूंनी नेमकं तेवढंच दिलं. तिथल्या जिनसांना आपली चव देणारं सामान न्यायचं, तयार जेवण नाही, हे त्यांना मलावी कधी न बघता कळतं याचं मला फार कौतुक वाटतं.

आता पॅकिंग. गोडा मसाला एकाच मोठ्या पिशवीत देत नाहीत, शंभर-शंभर ग्रॅमचे पाऊच करतात, कारण त्यात तीळ-खोबरं असतं, हवा लागली की तेल सुटून वास बदलतो, म्हणून एका वेळी एकच पाऊच उघडायचा. प्रत्येक पाऊच दोनदा सील, पहिल्या सीलच्या बोटभर वर दुसरं, मधे हवा राहू नये म्हणून काकू लाटणं फिरवतात आणि मग मशीनचा दांडा दाबून धरतात, तो टक आवाज झाल्याशिवाय सोडत नाहीत. आमसुलाला मीठ-ओल सुटते म्हणून त्याला आत एक पिशवी जास्तीची. वर मार्करने इंग्रजीत नाव, त्यात काय काय आहे आणि तारीख. विमानतळावर कस्टमवाल्याला घरगुती भुकटी दिसली की तो विचारणारच, लेबल वाचायला मिळालं की लवकर सुटका होते. खोबऱ्याच्या वाट्या मात्र मागू नका, त्या विमानात चालत नाहीत, त्यात तेल फार असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतात म्हणून धोकादायक मालात धरतात. काकूंना हे माहीत आहे, त्या देतच नाहीत.

चवीबद्दल सांगायचं तर आमच्याकडे गावात बायकांचे बचत गट आहेत, आपल्याकडे असतात तसेच पण थोडी पद्धत वेगळी, ही पद्धत केअर नावाच्या मदत संस्थेने 1991 मधे नायजर देशात सुरू केली आणि मग आफ्रिकाभर गेली. पैसे एका लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, तिघी आल्याशिवाय पेटी उघडतच नाही. मीटिंग झाली की आम्ही सभासदांच्या घरी जातो, कोणाला कर्ज कशाला हवंय, शेत कसं आहे, पोरं शाळेत जातायत का ते बघायला. अशाच एका घरी त्यांनी न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि उकडलेला नांदोलो केला होता, मी विचारून त्यातलाच नांदोलो घोटून घेतला, टोमॅटो, दोन आमसुलं आणि चमचाभर गोडा मसाला घालून उकळवला, घरभर आमटीचा वास! घरातल्या आजींनी न्सिमाचा तुकडा अंगठ्याने खोलगट करून त्यात आमटी भरून खाल्ली आणि लगेच ताटली पुढे केली. दुसऱ्या मीटिंगला पेटीची किल्लीवाली मला मसाल्यात काय काय असतं ते विचारत होती, दगडफूल तिला कसं समजवायचं ते मला सुचेना, मग फोटो दाखवला.

मेतकूट तर मलेरियातून उठले तेव्हा कामी आलं. तोंडाला चव नाही, दुसरं काही पोटात ठरत नाही, मऊ भात आणि मेतकूट, बस. ज्यांना मलेरियाच्या भागात जायचंय त्यांनी एक पाऊच जास्तीचा घ्याच.

आता तक्रारी. बेसनाचे लाडू घेऊ नका, चव उत्तम आहे पण तिकडे ऑक्टोबरात पाऊस यायच्या आधी जी गरमी पडते त्यात माझे अर्धे खवट झाले, काकूंनी एक महिना टिकतील असं सांगितलं होतं, तेवढे नाही टिकले. चकली व्हॅक्यूममधे चुरा होते, ती डब्यातच न्या. लसणाची चटणी मला जरा तेलकट वाटली. आणि काकू एकट्या सगळं करतात म्हणून घाईची ऑर्डर घेत नाहीत, दिवाळीच्या आधी तर अजिबात नाही, सुट्टी मोजून आलेल्या माणसाला याचा त्रास होतो, तेव्हा विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी फोन करून टाका. पैसे बाजारापेक्षा थोडे जास्त आहेत, मला ते योग्य वाटतात, मसाला त्या स्वतः भाजतात, वास घेऊनच कळतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा लाडवांचा कापला. एक सांगायचं राहिलं, भाजणी अर्धा किलोच घ्या, तिकडच्या मक्याच्या पिठात निम्मी मिसळून थालीपीठ छान होतं, त्यामुळे पुरून उरते, आणि ऑर्डर देताना काकूंना देशाचं नाव आणि तिथे कुठली पिठं मिळतात ते आधीच सांगा, मग त्या स्वतःच प्रमाण लिहून देतात.