महाटेंडर्स, जेम आणि पेपरातली निविदा सूचना: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं शिरोलीला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शाळेचे ड्युअल डेस्क, लोखंडी कपाटं, रॅक असली कामं. इतकी वर्षं सरकारी माल आम्ही दुसऱ्याच्याच नावावर बनवून दिला, टेंडर त्याचं आणि वेल्डिंग आमचं. मागच्या दिवाळीनंतर म्हटलं आता आपणच भरू. डीएससी म्हणजे डिजिटल सही काढली (क्लास ३, साइनिंग आणि एन्क्रिप्शन दोन्ही घ्या, नुसती साइनिंगची आणलीत की परत हेलपाटा), उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी होतीच, महाटेंडर्स (राज्य सरकारचं ई-निविदा पोर्टल) आणि जेम (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) दोन्हीकडं रजिस्ट्रेशन केलं. भरायचं कसं याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, मी फक्त टेंडर निघालंय हे कळतं कसं तेवढंच लिहितो कारण माझा निम्मा वेळ तिथंच गेला.

पहिला महिना सर्चमध्ये 'बेंच' टाकत बसलो. काहीच नाही. मला वाटलं शाळा बेंच घेतच नाहीत की काय! मग कळलं की कामाचं नाव टेबलावरचा क्लार्क टाइप करतो आणि त्याच्या मनाला येईल तसं करतो. कुठं 'प्रोव्हायडिंग अँड सप्लाइंग फर्निचर', कुठं नुसतं 'साहित्य खरेदी', आणि कहर म्हणजे 'शालेय साहित्य पुरवठा' हे मराठीच पण इंग्रजी अक्षरात, त्यात स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे टेंडर उघड्यावर आहे, लपवलेलं काही नाही, पण तुम्ही कोणत्या शब्दानं हाक मारता त्यावर सगळं. आता मी शब्दानं शोधतच नाही. ऑर्गनायझेशनप्रमाणे जी यादी आहे त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्हा परिषदा आणि आसपासच्या नगरपालिका रोज सकाळी चहाबरोबर बघतो, प्रत्येक वेळी कॅप्चा टाकायचा, दहा-पंधरा मिनिटं जातात. पिनकोडनं पण शोधता येतं, पण ऑफिसनं पिनकोड नीट भरला असेल तर.

मध्ये एका प्रायव्हेट अलर्ट सर्व्हिसला वर्षाचे पैसे भरले, नाव लिहीत नाही. दिवसाला तीस-चाळीस मेल. बेंच म्हटल्यावर हायकोर्टाच्या बेंचची सिव्हिल कामं पण पाठवायचे! आणि ते काय करतात, हीच सरकारी पोर्टलं चाळून तीच यादी आपल्याला देतात. ज्यांचा धंदा पाच-सहा राज्यांत आहे त्यांना परवडेल, मी रिन्यू करणार नाही.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. एका ऑफिसचं डेस्कचं टेंडर दिसलं, मी लॉगिन न करताच कागद डाउनलोड केले, रेट काढत बसलो. आठव्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं, पाइप १८ गेजचा १६ गेज केला. मला पत्ता नाही. कारण लॉगिन करून टेंडर फेव्हरिटला टाकून 'माय टेंडर्स'मध्ये घेतलं तरच पुढच्या शुद्धिपत्रकाचा मेल-एसएमएस येतो, आणि मी ते केलं शेवटच्या दोन दिवसांत, भरायच्या वेळी. मागचं कोण कळवणार? शुद्धिपत्रक सही करून जोडलेलं नाही म्हणून टेक्निकललाच, रेट उघडायच्या आधीच, बाहेर. चूक माझीच. पण बिघडलं कुठं ते कळायला मला चार दिवस लागले. आता आवडो न आवडो, दिसलं की आधी फेव्हरिट.

जेमचं वेगळं आहे. २०१६ पासून आहे, बिडांची (तिकडं टेंडरला बिड म्हणतात) यादी लॉगिनशिवाय कुणालाही दिसते हे मला फार आवडलं. पण मेल येणार तुमचा माल ज्या कॅटेगरीत लावलाय तिथलेच, आणि मी पहिल्यांदा फक्त कपाटंच लावली होती त्यामुळं दोन महिने डेस्कचं एकही बिड माझ्यापर्यंत आलं नाही आणि मी आपला नेटवर्कला शिव्या देत होतो.

मुदतीबद्दल एक बोलायचंच आहे. केंद्राच्या ऑफिसांना जीएफआर २०१७ (केंद्राचे खर्च-खरेदीचे नियम) प्रमाणे जाहीर निविदेला साधारण तीन आठवडे द्यावे लागतात. इकडं 'अल्प मुदतीची निविदा' म्हणून सात दिवस, त्यात शुक्रवारी संध्याकाळी अपलोड, मग शनिवार-रविवार, सॅम्पल द्यायचं सोमवारी. एवढ्यात ज्याला जमतं त्याला आधीच माहीत असणार असं माझं मत, बाकी तुम्ही समजून घ्या.

सगळ्यात उपयोगी पडलं ते आर्काइव्ह, ज्याकडं कोण बघत नाही. जुनी टेंडरं, कुणी किती रेट भरला, एल-वन म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला कोण, सगळं दिसतं. मी दोन रात्री बसून वहीत उतरवून काढलं कोणतं ऑफिस कोणत्या महिन्यात फर्निचर घेतं. मार्चच्या तोंडावर तर रांग लागते. आता नोटीस यायच्या आधीच मी त्या पानावर जाऊन बसतो.

वडील अजून पेपरातल्या ई-निविदा सूचना भिंग घेऊन वाचतात. ऑफिसचं नाव, कामाचं नाव, बाकी 'संकेतस्थळावर पहा', एवढंच असतं त्यात. मी हसायचो. आठ महिन्यांत अकरा टेंडरं भरली, दोन मिळाली, त्यातलं एक नगरपालिकेचं, नावात नुसतं 'साहित्य' लिहिलेलं आणि माझ्या यादीत ती नगरपालिकाच नव्हती. पेपरावर पेनानं गोल करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं.