राजारामपुरीतली तयार लॅब फाइल: अक्षर शोधायचा प्रोग्रॅम तपासूनच घ्या

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका झेरॉक्स दुकानात मायक्रोप्रोसेसर लॅबची स्पायरल केलेली तयार फाइल मिळते. तिच्यातला ८०८६ या इंटेलच्या प्रोसेसरवर स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या ओळीत) अक्षर शोधायचा प्रोग्रॅम आहे तसा उतरवू नका. छपाई स्वच्छ आहे, फ्लोचार्ट नेमका आहे, ओळीओळीला कॉमेंट आहे. घोळ आहे तो निकाल ठरवण्यात.

‘रेप्ने स्कॅसबी’ ही इन्स्ट्रक्शन स्ट्रिंगमधला एकेक बाइट हव्या त्या अक्षराशी ताडत जाते आणि उरलेल्या फेऱ्या सीएक्स रजिस्टरमध्ये मोजते. तिच्यानंतर फाइलमध्ये जेसीएक्सझेड (सीएक्स शून्य असेल तर उडी) टाकलंय, म्हणजे सीएक्स शून्य झाला की अक्षर नाही असं धरलंय. इंग्रजी स्पेलिंगचं कोल्हापूर घ्या: के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर. लांबी ८. ‘पी’ शोधला तर सीएक्समध्ये २ उरतात आणि उत्तर बरोबर येतं. ‘आर’ आठव्या फेरीत सापडतो, पण त्याच फेरीत सीएक्सही शून्य होतो आणि स्क्रीनवर ‘नॉट फाउंड’! सापडलं की नाही हे फक्त झिरो फ्लॅग (तुलना जुळली की १ होणारा बिट) सांगतो, म्हणून तिथं जेएनई (जुळलं नाही तर उडी) हीच इन्स्ट्रक्शन हवी. जेसीएक्सझेडची खरी जागा स्कॅनच्या आधी. स्ट्रिंग रिकामी असेल तर स्कॅसबी एकदाही चालत नाही आणि फ्लॅग आधीच्या इन्स्ट्रक्शनचाच राहतो.

दुसरी उणीव सुरुवातीलाच आहे. मेमरीचा कुठला भाग (सेगमेंट) वापरायचा हे सांगणाऱ्या रजिस्टरांपैकी डीएस भरलाय, ईएस नाही. स्कॅसबी कायम ईएस:डीआय (ईएसच्या सेगमेंटमधली डीआय रजिस्टरने दाखवलेली जागा) वाचतं, तिथं सेगमेंट ओव्हरराइड, म्हणजे दुसरा सेगमेंट सांगणं, चालत नाही. ईएक्सई सुरू होताना ईएसमध्ये पीएसपीचा (डॉस प्रत्येक प्रोग्रॅमसाठी बनवतं त्या माहितीच्या ब्लॉकचा) सेगमेंट असतो, म्हणजे शोध भलतीकडेच चालतो. डीबगरमध्ये ईएस:० ला ‘सीडी २०’ (पीएसपीचे पहिले दोन बाइट) दिसलं की समजायचं, ‘मूव्ह ईएस, एएक्स’ राहिलंय. सोबत सीएलडीही द्या, म्हणजे स्कॅन पुढच्या दिशेने चालेल.

सापडल्यावर डीआय एक बाइट पुढे गेलेला असतो, म्हणून ‘डेक डीआय’ने तो एकने कमी करायचा. हे मात्र फाइलमध्ये आहे आणि नीट समजावलंय.

शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंगचा लोडएसबीवाला (एकेक बाइट रजिस्टरमध्ये आणून तपासणारा) दुसरा प्रोग्रॅम तर फारच चांगला आहे. आधी अक्षराशी तुलना, मग शून्याची तपासणी, हा क्रम अचूक आहे. त्यामुळे शून्यच शोधायला सांगितलं तरी सी भाषेतल्या एसटीआरसीएचआर या अक्षर शोधणाऱ्या फंक्शनसारखा शेवटच्या बाइटचा पत्ता मिळतो. क्रम उलटा केला की हे जमत नाही, आणि व्हायवात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. तेवढ्यासाठी फाइल घ्यावी.

सबमिशनआधी चार इनपुट चालवून बघा: पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, नसलेलं अक्षर आणि रिकामी स्ट्रिंग.