पणजीतला आमचा फिल्म क्लब आणि तिथली ती वही

मी डिचोलीहून येतो, म्हणजे यायला-जायला मिळून दोनेक तास बशीतच जातात. त्यामुळे महिन्यातला एक अख्खा शनिवार एका जुन्या सिनेमासाठी कशाला घालवतोस असं मला आतापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आमचा क्लब म्हणजे पणजीत मळा भागाच्या बाजूला एका जुन्या घराचा पहिला मजला, पन्नास-साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चांगला रुंद पडदा. वर्षाची मेंबरशिप 800 रुपये, विद्यार्थ्यांना 300. सिनेमा साडेचारला म्हणजे साडेचारलाच सुरू होतो, आधी भाषण नाही, पाहुणे नाहीत, हार-तुरे नाहीत. संपला की चहा आणि मिरची भजी, पण चहा हातात पडण्याआधी एक काम करावं लागतं आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिथेच.

दाराजवळच्या टेबलावर हिशेबाची असते तशी लाल पुठ्ठ्याची जाड वही ठेवलेली असते. प्रत्येकाने त्यात दोन ओळी लिहायच्या, सिनेमा कसा वाटला ते, खाली तारीख आणि स्वतःचं वय. आठ-दहा वर्षांनी तोच सिनेमा परत लावतात, परत सगळे लिहितात, आणि मग वही सांभाळणारे काका जुनी पानं काढून मोठ्याने वाचतात. नाव वाचत नाहीत, फक्त वय आणि ओळी. मत बदलतं हे आपण तोंडाने खूप बोलतो, पण आपल्याच अक्षरातलं आपलं जुनं मत चारचौघांत कानावर पडणं ही वेगळीच गोष्ट आहे.

माझ्या बाबतीत हे गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’ला झालं, एका पडत्या सिनेदिग्दर्शकाची गोष्ट. 2014 साली पहिल्यांदा बघितला तेव्हा मी 24 चा होतो आणि मी लिहिलं होतं, "गाणी चांगली, सिनेमा रडका, दिग्दर्शकाला स्वतःचीच दया येते." गेल्या हिवाळ्यात परत लावला. ह्यावेळी मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो, मागे लाइन लागली, आणि शेवटी एवढंच लिहिलं, "तो रिकामा स्टुडिओ डोक्यातून जात नाहीये."

आता मधे काय बदललं? वय तर झालंच, मधल्या काळात माझं स्वतःचं एक दुकान बंद पडलं, त्यामुळे पडत्या माणसाकडे बघायची नजरच वेगळी झाली. पण तेवढंच नाही. चर्चेत काकांनी सांगितलं की 2014 ला जी कॉपी दाखवली होती तिच्या दोन्ही बाजू कापलेल्या होत्या, टीव्हीच्या चौकोनात बसवायला कुणीतरी छाटलेल्या, आणि तेव्हा क्लबला दुसरी मिळाली नव्हती. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीतला सिनेमा, पडद्याच्या पूर्ण रुंदीचा विचार करून एकेक फ्रेम लावलेली. ‘वक्त ने किया’ ह्या गाण्यात नायक एका टोकाला, नायिका दुसऱ्या टोकाला, आणि मधे वरून तिरका उतरलेला उजेडाचा झोत. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं खरं ऊन स्टुडिओत आणलं होतं. ह्यावेळी मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो, त्या झोतात धूळ तरंगताना दिसत होती, आणि त्या दोघांमधलं ते अंतर डोळ्यांना मोजता येत होतं. बाजू कापल्या की काय उरतं, एक चेहरा आणि पार्श्वभूमीला गाणं. मी 2014 ला जे बघितलं तो हा सिनेमा नव्हताच!

1959 साली लोकांनी तर तो पूर्ण रुंदीत बघितला होता तरी पडला, असं एका कॉलेजच्या पोराने विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. सिनेमा इतका पडला की गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधी लावलं नाही आणि 1964 ला तो गेलाच. पण त्याच सिनेमाच्या फोटोग्राफीला तेव्हाच फिल्मफेअर मिळालं होतं हे पण लक्षात घ्या. म्हणजे तेव्हाचे लोक आंधळे नव्हते, उजेड त्यांना दिसला होता, फक्त एका अपयशी दिग्दर्शकाच्या दुःखासाठी तिकीट काढायची त्यांची तयारी नव्हती. आज आपल्याला तो माणूस पुढे कसा गेला हे माहीत असतं आणि ते माहीत असणं पण आपल्याबरोबर खुर्चीत येऊन बसतं, मग आपण बघतो तो सिनेमा की गुरुदत्तचं आयुष्य? ह्यावर आमचा पाऊण तास वाद झाला आणि मिटला नाही.

काका अधूनमधून बाहेरची पण माहिती देतात. लंडनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सगळ्यात चांगले सिनेमे कुठले ते विचारतं. पहिल्या वर्षी ‘बायसिकल थीव्ज’ वर होता, मग 1962 ते 2002 ‘सिटिझन केन’ने जागा सोडली नाही. 2012 ला ‘व्हर्टिगो’ आला, जो 1958 ला लोकांनी जरा नाकं मुरडूनच घेतला होता. आणि 2022 ला शांताल आकरमान ह्या बाईचा 1975 चा ‘जान डिलमन’ पहिला, एक बाई घरात बटाटे सोलते, भांडी घासते, तीन तासांहून जास्त. लोक म्हणतात आवड बदलली, पण 2012 ला मत देणारे 846 होते आणि 2022 ला 1639, हा आकडा ऐकून मला बरंच कळलं. जुन्यांची मनं बदलली असतील नसतील, विचारायची माणसंच वाढली. आपला ‘पथेर पांचाली’ त्या यादीत 35 व्या नंबरावर आहे, ते ऐकून हॉलमधे टाळ्या पडल्या.

मत नेहमी वरच जातं असं मात्र नाही. ‘बॉबी’ लावला तेव्हा ते दिसलं. 1973 चा हिट सिनेमा, आमच्या पालकांच्या पिढीचा लाडका, आणि त्यात नायिका कोण तर गोव्याच्या ख्रिश्चन मच्छीमाराची पोर, बॉबी ब्रागांझा. जुन्या पानांवर सगळं कौतुक, "गाणी अजून पाठ आहेत, वय 58" वगैरे. ह्यावेळी ताळगावची एक मुलगी उठली आणि म्हणाली, माझे आजोबा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार होते, पडद्यावर गोंयकार (गोव्याचा माणूस) म्हटलं की नाचणारा आणि पिणारा हे आम्ही अजून भोगतोय. हॉल एकदम शांत झाला. मग पहिल्या रांगेतली एक वयस्क बाय शांतपणे म्हणाली, बरोबर आहे बाय तुझं, पण घरच्यांना न जुमानता प्रेम करणारी मुलगी मी आधी पडद्यावर बघितलीच नव्हती गे, ते मी कशी विसरू. दोघींचं खरं होतं. चहाच्या वेळी दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून पणजीत आहे, मी दरवर्षी पास काढतो आणि मला ते दिवस मनापासून आवडतात, पण दिवसाला चार सिनेमे बघून पुढच्या लाइनीत उभं असताना आपण जी मतं देतो ती घाईची असतात. मोबाइलवर तर मध्यंतरातच स्टार देऊन मोकळे. इथे दहा वर्षं थांबायची सोय आहे, अशी सोय मला दुसरीकडे कुठे सापडली नाही.

आता त्रासाचं. जुलैत कौलांवर पाऊस सुरू झाला की संवाद ऐकू येत नाहीत, सबटायटल असेल तरच निभतं. मागच्या दोन रांगांतून पडद्याचा खालचा भाग दिसत नाही, तेव्हा सव्वाचारला पोचा. पार्किंग विसरा. आणि मराठी सिनेमे फार कमी लावतात, वर्षातून एखादा, हे मी वहीत पण लिहिलंय आणि परत लिहीन. 1936 चा ‘संत तुकाराम’ आमच्याकडे एकदाच लावलाय, तो परत यायलाच पाहिजे, विद्यार्थ्यांनी तर बघायलाच हवा.

पुढच्या महिन्यात ‘मेरा नाम जोकर’ आहे, दोन मध्यंतरांसकट अख्खा, म्हणून दुपारी तीनलाच सुरू करणारेत. 1970 ला तो आपटला आणि ते कर्ज फेडायला राज कपूरने ‘बॉबी’ काढला. आईने तो लहानपणी म्हापशात थिएटरात बघितला होता, पण दुसऱ्या मध्यंतरात आजोबा कंटाळून सगळ्यांना घेऊन उठले, त्यामुळे शेवट तिने कधी बघितलाच नाही. ह्यावेळी तिचं पण तिकीट काढलंय. वहीत वय लिहावं लागतं म्हटल्यावर जरा कुरकुरली, पण येतेय.