मोफत तपासणीच्या नावाखाली सायकलचे पार्ट पळवले, ६,४०० रुपयांना बसलो

बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळकडून रोज सायकलने उद्यमबागला जाणाऱ्यांनो, आधी एवढं वाचा. ‘मोफत सायकल तपासणी, घरून नेऊन घरपोच’ असं पत्रक कुणी हातात दिलं तर सायकलला हात लावू देऊ नका.

माझे ३,८५० रुपये त्यांनी घेतले. सायकल परत धड करायला २,३५० गेले, अर्ज टाईप करायला २००. एकूण ६,४००. तीन वेळा अर्धी रजा टाकली ती वेगळी. हे लिहायला लाज वाटते, कारण मी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर असतो, दुसऱ्याने केलेला जॉब दोन शतांश मिलिमीटरने चुकला तरी परत पाठवतो. आणि स्वतःच्या सायकलची चेन पट्टी लावून मोजली नाही.

पण परिस्थितीही तशीच होती. जुलैचा पाऊस, आठ दिवस सायकल रोज भिजत होती, चेन करकरत होती. माझे नेहमीचे शहापूरचे मिस्त्री रोप लावणीला खानापूरकडे गावी गेलेले, दुकान बंद. अशात आरपीडी क्रॉसजवळ दोन पोरं टेबल टाकून बसलेली दिसली. बोलायला गोड, मराठी आपल्याकडचंच. ‘या की काका, बघून तरी जावा, पैसे नाहीत.’ कोण थांबणार नाही?

एकाने चेनमध्ये गेज, म्हणजे चेन किती ताणलीय ते बघायचं माप, घातला, तो खाली गेला. ‘चेन गेली काका. फ्रीव्हील पण खाल्लाय. बीबी एक्सलला प्ले आहे.’ म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र झिजलंय आणि पेडलांच्या मधला दांडा ढिला झालाय. यादी अशी सांगितली: चेन ६५०, फ्रीव्हील ९५०, बीबी ७५०, केबल ४००, ब्रेक पॅड ३००, मजुरी ८००. चेन मी दिवाळीत नवी टाकलेली होती, म्हणजे जेमतेम आठ-नऊ महिने. हे तेव्हा डोक्यात आलं होतं. ‘पावसात लवकर जाते’ म्हणाला, मी गप्प बसलो. २,५०० तिथेच फोनवरून पाठवले, सायकल ते घरून घेऊन गेले.

आता नीट ऐका, हे मला त्या दिवशी करता आलं असतं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. स्टीलची पट्टी घ्यायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचं, चेन ताणून ठेवायची. बारा इंचावर बरोबर पिनेचा मध्य आला तर चेन ठीक. पीन १/१६ इंच पुढे सरकलेली असली तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच सरकली असेल तर बहुधा फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात. दुसऱ्याच्या गेजवर विश्वास ठेवू नका, त्या गेजचं तोंड कुणी घासलंय हे तुम्हाला कळणार नाही. माझी पट्टी तेव्हा बॅगेत होती. बॅगेत!

तिसऱ्या दिवशी सायकल घरी आली. चकाचक धुतलेली, रिम पुसलेली, बायको म्हणाली नवीनच वाटते. मी वाकून चेनला बोट लावलं. बोटाला पातळ तेल लागलं आणि रॉकेलचा वास आला. नवीन चेन पाकिटातून काढली की तिला कंपनीचं चिकट ग्रीस असतं, बोटाला चिकटतं, हे मला माहीत आहे. दिवाळीत मीच बघितलं होतं. तरी मनात म्हटलं, स्वच्छ केली असेल. जुने पार्ट मागितले तर ‘भंगारात टाकले’ म्हणाला. बिल म्हणून चिठ्ठी दिली, तिच्यावर एकच शब्द: सर्व्हिसिंग. मी उरलेले १,३५० रोख हातावर ठेवले. रोज रात्री ते बोट आठवतं मला.

चौथ्या दिवशी तिसऱ्या रेल्वे गेटच्या उड्डाणपुलावर चढाला जोर दिला आणि चेन दातावरून उडाली. पाय सटकला, गुडघा हँडलवर बसला. मागून टेम्पो होता. तो थोडा जवळ असता तर हे लिहायला मी नसतो.

मिस्त्री गावाहून आले, त्यांनी मागचं चाक काढलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘ही तुझी चेन न्हवं की रे. हा फ्रीव्हील पण तुझा न्हवं.’ चेन कुठल्या तरी दुसऱ्या सायकलची, रॉकेलमध्ये धुतलेली. फ्रीव्हील घासलेला, दात माशाच्या काट्यासारखे. बीबी बदललाच नव्हता, फक्त बाहेरून पुसलेला. आणि माझा शिमानोचा चांगला मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, काढून त्या जागी डुप्लिकेट बसवलेला. म्हणजे पैसेही घेतले आणि माझा मालही नेला. एकत्र झिजलेली चेन आणि फ्रीव्हील एकमेकांशी जुळवून घेतात, पण एकाची चेन दुसऱ्याच्या झिजलेल्या दातांवर घातली की जोर दिल्यावर उडणारच.

सायकल कुणाकडेही द्या, आधी चेन, फ्रीव्हील, डिरेलर आणि बीबीखालचा फ्रेम नंबर यांचे फोटो काढा. डिरेलरला आतल्या बाजूला पेंटने बारीक खूण करा.

त्या पोरांना फोन लावला, बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘टेबल कुठे होतं? मग आमच्या हद्दीत नाही.’ दुसरीकडे गेलो तर ‘सायकल घरातून नेली ना? मग घराजवळच्या ठाण्यात जावा.’ तिथे मराठीत लिहिलेला अर्ज परत दिला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. मला कन्नड बोलता येतं, अर्जाचं कन्नड येत नाही, म्हणून टायपिस्टला २०० दिले. तो अर्ज घेऊन गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणे तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, ही फसवणूक नाही, दिवाणी बाब आहे. ‘एका सायकलसाठी कशाला एवढं?’ असंही ऐकवलं. साहेब, त्या एका सायकलवर माझी नोकरी चालते! बँकेत गेलो तर पैसे कुणाच्या खात्यात गेले ते सांगता येत नाही म्हणाले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे खरं, पण तक्रारीत समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. टेबलाला पत्ता कुठला? म्हणून सांगतो, ज्याच्या दुकानाला शटर नाही त्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका. प्रत्येक पार्ट नावासकट लिहून घ्या, जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

परवा पिरनवाडीच्या एका सहकाऱ्याने मला पत्रक दाखवलं. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, शिबिराची जागा वेगळी. खाली ठळक अक्षरात पॅकेजची किंमत: ३,८५०.