31,400 रुपयांचं ‘फोकस पॅकेज’: पावती ओळीओळीने वाचू

पावतीवर चार ओळी आहेत. ब्रेन मॅपिंग 4,500. फूड इन्टॉलरन्स तपासणी 9,900. कॅप्सूल, तीन महिन्यांच्या, 10,800. डाएट चार्ट आणि कोच 6,200. बेरीज 31,400. कॅप्सूलचे पैसे एकदम घेतले नाहीत. दर महिन्याला 3,600 खात्यातून आपोआप कापले जातील अशी सोय करून घेतली. ती सोय कुणाची, ते पुढे येईलच.

गिऱ्हाईक नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागातल्या कंपनीत काम करणारा, वय 34. कामं अर्धवट सुटतात, विजेचं बिल भरायचं राहतं, मीटिंगमध्ये मन उडून जातं. ‘तुम्हाला अ‍ॅडल्ट एडीएचडी आहे, पण गोळ्यांची काही गरज नाही भाऊ, डोपामिन नॅचरली वाढवून देऊ,’ हे त्याला नागपुरातल्या एका ‘ब्रेन वेलनेस’ सेंटरमध्ये चाळीस मिनिटांत सांगितलं गेलं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार, डोपामिन म्हणजे मेंदूतलं एक रसायन. गंमत अशी की वाक्याचा पहिला तुकडा कदाचित खराही असेल. म्हणून तर पुढचं सगळं गळी उतरतं.

ब्रेन मॅपिंगपासून सुरू करू. डोक्याला तारा लावायच्या, वीस मिनिटांनी लाल-निळ्या डागांचा नकाशा हातात द्यायचा. कागद देखणा असतो, पण मोठ्या माणसातल्या एडीएचडीचं निदान अशा नकाशावरून होत नाही. रक्तावरून, लघवीवरून, केसांच्या बटेवरूनही नाही. मेंदूतलं डोपामिन किती, हे सांगणारी रक्ततपासणी बाजारात नाहीच. ‘तुमचं डोपामिन 40 टक्के आहे’ असं कुणी म्हटलं की तिथेच उठावं. निदान होतं विचारपूस करून. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तकाच्या निकषांत लक्ष न टिकण्याची 9 आणि चंचलता-उतावीळपणाची 9 लक्षणं आहेत. 17 वर्षं किंवा त्यापुढच्या माणसात एका गटातली किमान 5 लागतात. ती 6 महिने टिकलेली हवीत, घर आणि नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यातली काही वयाच्या 12 वर्षांआधीपासूनची हवीत. ही शेवटची अट सगळ्यात जास्त गाळली जाते. नीट काम करणारा डॉक्टर जुनी प्रगतिपुस्तकं मागतो, आईशी किंवा मोठ्या बहिणीशी बोलतो. सेंटरने आईचा विषयसुद्धा काढला नाही.

शिवाय असंच चित्र दुसऱ्या कारणांनीही दिसतं. थायरॉइड बिघडलेला, हिमोग्लोबिन कमी, रात्री घोरताना श्वास अडकतो, नैराश्य आहे किंवा दारू वाढली आहे, तरी लक्ष लागत नाही. ज्या दोन-चार तपासण्या खरंच कामाच्या, थायरॉइडची टीएसएच आणि रक्ताची साधी मोजणी, त्यांचा खर्च मॅपिंगच्या पासंगालाही पुरत नाही. पावतीत त्या नाहीत. आणि स्वतःपुरता अंदाज घ्यायचाच असेल तर एएसआरएस ही 18 प्रश्नांची चाळणी फुकट मिळते. तिचे पहिले 6 प्रश्न सुरुवातीला पुरे. ती चाळणी आहे, निदान नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

फूड इन्टॉलरन्सच्या तपासणीत दोनशे पदार्थांची यादी येते, हिरवी-पिवळी-लाल. मोजलेलं असतं ते आयजीजी. आयजीजी प्रतिपिंडं एवढंच सांगतात की हा पदार्थ तुमच्या पोटात जात आला आहे. म्हणजे जे रोज खाता तेच लाल येण्याची शक्यता जास्त. नागपूरकराच्या अहवालात गहू, तूर, हरभरा, दूध लाल आलं नाही तरच नवल! या माणसाने अहवाल मानून पोळी, वरण, दूध आणि सकाळचे तर्री पोहे, सगळं एका झटक्यात बंद केलं. दोन महिन्यांत चार किलो वजन उतरलं, थकवा आला, तर कोच म्हणाला की टॉक्सिन बाहेर पडत आहेत. बाहेर पडलं होतं ते ताटातलं प्रोटीन आणि लोह.

चौथी ओळ याला लागूनच आहे. चार्टमध्ये संत्रं, मोसंबी, लिंबू बंद. नागपुरात, ऐन मृग बहाराच्या दिवसांत! मूळ सल्ला कुठून आला ते पाहिलं तर हसू येतं. अमेरिकेत एडीएचडीसाठी अ‍ॅम्फेटामाइन गटातल्या गोळ्या दिल्या जातात. आंबट रस किंवा क जीवनसत्त्वाचा मोठा डोस त्यांच्यासोबत घेतला तर औषध कमी शोषलं जातं आणि लघवी आम्लधर्मी होऊन ते लवकर बाहेर टाकलं जातं, म्हणून तिथे त्या गोळीच्या आगेमागे रस टाळायला सांगतात. आपल्याकडे जास्त करून दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटीन या औषधांना तो नियम नाही. आणि हा माणूस तर कुठलीच गोळी घेत नव्हता. साखरेचंही तेच. साखरेने मुलं चंचल होतात का, यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 1995 मध्ये निघाला. त्यात परिणाम सापडला नाही. साखर कमी केलेली दात-पोटासाठी चांगलीच, पण 6,200 रुपये देऊन नव्हे.

आहाराचं खरं काम साधं आहे आणि ते कोणी विकत नाही, कारण विकण्याजोगं त्यात काही नाही. मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक मरते. म्हणून गोळीच्या आधी भरपेट न्याहारी: चण्याची तर्री घातलेले पोहे आणि दोन अंडी, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ. दुपारी भूक नसली तरी दही-भात, ताक, मूठभर फुटाणे. संध्याकाळी औषध उतरलं की भूक परत येते, तेव्हाचं जेवण कचोरी-समोशावर घालवू नये. दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवावं. चहा-कॉफी मोजावी, कारण कॅफिन आणि ही गोळी मिळून नाडी वाढवतात आणि झोप खातात. आहाराने एडीएचडी जात नाही. औषध मात्र त्यामुळे झेपतं.

आता कॅप्सूल. खरी कमाई इथे असते. डबीच्या पुढे ‘एडीएचडी रिव्हर्सल’, मागे बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. मागची ओळ अन्नसुरक्षा नियमांमुळे छापावीच लागते. पुढची छापायला परवानगी नाही. 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार आहेत, त्यांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणतात. तो धंद्याचा परवाना आहे. कॅप्सूलने लक्ष लागतं असा दाखला तो देत नाही. फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून पाहावा: परवाना चालू आहे का, कोणाच्या नावावर आहे, कुठल्या प्रकारच्या मालासाठी आहे.

मग घटक. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड 750 मिलिग्रॅम’ आणि खाली सहा नावं: ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, टायरोसिन, मॅग्नेशियम, झिंक. कशाचं किती, ते नाही. सगळं मिळून 750 असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरच येणार. उलटही होतं: सुटं झिंक 50 मिलिग्रॅमचं देतात, तेही रोज. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा रोज 40 मिलिग्रॅम. महिनोन्‌महिने त्यापुढे गेलं की शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. बी-6 जास्त काळ मोठ्या डोसात घेतलं की हातापायांना मुंग्या येतात. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेणारेही सापडतात. लोह तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय घेऊच नये.

फिश ऑइलचा हिशेब करून पाहा. ‘1000 मिलिग्रॅम’ हे तेलाचं वजन. त्यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्लं कामाची: साधारणपणे ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं 300. मुलांवरच्या ज्या अभ्यासांत थोडासा फरक दिसला त्यांत ईपीए साधारण 500 च्या पुढे होतं. तेवढं गाठायला रोज तीन कॅप्सूल लागतील, म्हणजे 60 ची बाटली वीस दिवसांत संपेल, तर लेबल म्हणतं रोज एक. मोठ्यांसाठी पुरावा याहूनही पातळ. त्यात मे महिन्यात 45 अंशांत पार्सल दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीत भाजतं. कॅप्सूल एकमेकींना चिकटलेल्या असतील, कापल्यावर खवट वास येत असेल तर टाकून द्या. जवसाची चटणी हवी तेवढी खा, विदर्भात तिला तोटा नाही, पण जवसातल्या ओमेगा-3 चं ईपीए शरीरात फार थोडं बनतं.

एक खूण वेगळी सांगायला हवी. ‘शुद्ध हर्बल’ कॅप्सूलने पहिल्याच दिवशी तासाभरात तरतरी आली, छाती धडधडली, रात्रीची झोप उडाली, तर आनंद मानू नये. ब्राह्मी असं काम करत नाही. तिच्यावरचे अभ्याससुद्धा आठवड्यांच्या हिशेबात असतात. आत लेबलवर नसलेलं कॅफिन किंवा दुसरं उत्तेजक असल्याचा संशय घ्यावा, घेणं थांबवावं आणि उरलेल्या कॅप्सूल डबीसकट जपून ठेवाव्यात.

परताव्याची अट वाचली की सगळा डाव उलगडतो. फरक 90 दिवसांत, पैसे परत मागायची मुदत 15 दिवस. आणि दरमहा आपोआप कापलं जाणारं 3,600. ज्याचा आजारच विसरण्याचा, त्याच्याकडून ‘हवं तेव्हा रद्द करा’ या अटीवर सही घ्यायची, याला काय म्हणावं? यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. तिथे जाऊन ते नाव निवडून रद्द करायचं. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना शंभर मेसेजांत हरवते. विक्रेत्याला ‘बंद करा’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून भागत नाही.

पॅकेजने हात पोळलेला माणूस पुढे दुसऱ्या टोकाच्या जाळ्यात जातो, ते जास्त धोक्याचं. मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्स या सगळ्यात कडक नियमांच्या यादीतलं औषध, शिवाय एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखालचं. डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो, साठा कुलपात असतो, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक अशी पायपीट होते, चार दुकानांत ‘नाही’ ऐकू येतं, आणि रात्री टेलिग्रामवर कोणीतरी म्हणतं, ‘चिठ्ठी नको, कुरिअरने घरपोच, आधी पूर्ण पैसे.’ बहुतेकदा पैसे गेले की खातं गायब. पार्सल आलंच तर आत झोप उडवणारी मोडाफिनिल निघते, किंवा काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. आणि चिठ्ठीशिवाय खरं औषध बाळगणं हाच गुन्हा. ‘व्हिडिओ कॉलवर डॉक्टर लिहून देईल’ यालाही फसू नये. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत शेड्यूल एक्सची औषधं व्हिडिओवर लिहायला मनाई आहे. पायपीट वाचवायचा सरळ मार्ग असा: ज्या डॉक्टरने लिहिलं त्यालाच दुकान विचारायचं, आणि गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी चिठ्ठी करून घ्यायची.

अ‍ॅटोमॉक्सेटीन शेड्यूल एक्समध्ये नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं. पण त्याच्या चालीमुळेच विक्रेत्यांना संधी मिळते. मोठ्यांना साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, किमान 3 दिवसांनी 80 पर्यंत नेतात, कमाल 100. पूर्ण परिणाम यायला 4 ते 6 आठवडे, कधी जास्तही. मळमळ आणि तोंडाला कोरड मात्र पहिल्या आठवड्यातच. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, आणि नेमक्या दुसऱ्या आठवड्यात ‘बघा, अ‍ॅलोपॅथीने काय झालं’ म्हणणारा भेटतो. गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन चालू असेल तर आधी सांगायलाच हवं, त्यांच्यामुळे रक्तातलं अ‍ॅटोमॉक्सेटीन बरंच वाढतं. दोन्ही औषधांत सुरू करण्याआधी आणि डोस वाढवताना रक्तदाब आणि नाडी मोजतात. जो मोजत नाही, तो डॉक्टर बदलावा.

नागपुरात मानसोपचाराची ओपीडी मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांत आहे, मिहानच्या एम्सलाही. कुठे जायचं ते सुचत नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलता येतं. खाजगीत जाणार असाल तर पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम मानसोपचार पाहा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, क्रमांक असतो. तो चाचण्या घेतो, समुपदेशन करतो, औषध लिहीत नाही. ‘न्यूरो कोच’ची नोंदणी कुठल्याच कौन्सिलकडे नसते.

पैसे गेले असतील तर दारं वेगवेगळी आहेत. पैसे घेऊन गायब झालेल्यासाठी सायबर हेल्पलाइन 1930, आणि तीही त्याच तासात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते. माल दिला पण दावा खोटा, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. लेबल आणि भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. डबीच्या चारही बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पावती आणि पूर्ण व्हॉट्सअ‍ॅप संवाद लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या ती उतरलेली असते. ‘नंतर करू’ म्हटलं की हे राहतं, आणि विक्रेत्याची भिस्त त्यावरच असते. म्हणून घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून एका बैठकीत उरका: आधी मँडेट रद्द, मग फोटो, मग फोन.