चिआंग माईतली मावशींची 'जे' खानावळ : पेन्शनरांनी बिनधास्त जावं, मिठाचं तेवढं बघावं

आधीच सांगते, दुकानाचं नाव मला माहीत नाही. पाटी थाई अक्षरात आहे, दीड वर्ष होत आलं तरी मला वाचता येत नाही आणि ह्यांना तर अजून आमच्या बिल्डिंगचं नाव वाचता येत नाही, ते रंगावरून ओळखतात. आम्ही आपलं 'मावशींकडे' म्हणतो. थाईत पण वयाने मोठ्या बाईला 'पा' म्हणायची पद्धत आहे, म्हणजे आपलं मावशी-आत्याच झालं, म्हणून मी त्यांना पा म्हणते आणि त्या ह्यांना 'लुंग' म्हणतात म्हणजे काका. वयात फार तर पाच वर्षांचा फरक असेल, पण काका ऐकून हे खूश, भात जास्त मिळतो म्हणून असेल.

कुठे आहे म्हणाल तर थापे गेटकडून (जुन्या शहराची वेस) वरोरोट मार्केटच्या दिशेने चालत निघालात की मधल्या गल्ल्यांपैकी एकीत. खूण एकच, बाहेर पिवळं निशाण आणि त्यावर लाल रंगात एक अक्षर जे लांबून बघितलं तर इंग्रजी १७ लिहिल्यासारखं दिसतं. ते १७ नाही, ते 'जे' आहे. शाकाहारी माणसाने थायलंडमधे दुसरं काही नाही शिकलं तरी चालेल, हे एक निशाण ओळखायला शिकावं.

कारण नुसतं व्हेज म्हणून इथे भागत नाही. भाजी व्हेज, पण फोडणीत माशाचा सॉस, चटणीत सुकट कुटलेली, आणि देणारा अगदी मनापासून सांगतो की यात मटण नाही म्हणून. खोटं बोलत नसतो तो. त्याच्या लेखी सॉस म्हणजे मासा नव्हेच. 'मांगसविरात' म्हटलं तर शाकाहारी पण अंडं-दूध चालतं, आणि 'जे' म्हटलं की मांस मासे अंडं दूध सगळं बंद, वर कांदा-लसूण पण बंद. म्हणजे आमच्या शेजारच्या शहाकाकूंना सुद्धा चाललं असतं, फक्त त्यांना बटाट्याशिवायचं बघून घ्यावं लागलं असतं.

आता आम्ही इथे कसे ते थोडक्यात, नाहीतर रेटचं महत्त्व कळणार नाही. मी पोस्टातून रिटायर, हे एका कारखान्यातून, घर चिपळूणला. ऑक्टोबर २०२४ ला दोन महिने ट्रायल म्हणून आलो, आवडलं, मग रिटायरमेंटच्या व्हिसाचं बघितलं. वय पन्नास किंवा वर हवं आणि एकतर महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवा नाहीतर ८ लाख बाट इथल्या बँकेत ठेवा. बाट म्हणजे तेव्हा साधारण अडीच ते पावणेतीन रुपये, ६५,००० बाटची पेन्शन आमच्या दोघांची मिळून पण होत नाही, मग एफडी मोडून आठ लाखांवाला रस्ता धरला. पैसे मुद्दाम अर्धे मार्चमधे आणि अर्धे एप्रिलमधे पाठवले, दोन वेगळी आर्थिक वर्षं धरली म्हणजे टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) कमी कापतात. तरी थोडा कापलाच, तो रिटर्न भरल्यावर परत येतो पण तोवर जीव वर-खाली. ते आठ लाख बँकेत नुसते पडून असतात, खर्चायचे नाहीत, त्यामुळे रोजचं जगणं फक्त पेन्शनवर. दर वर्षी मुदतवाढीचे १,९०० बाट, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, विसरलात तर २,००० दंड, म्हणजे आमची आठ दिवसांची भाजीभाकरी गेली. इथे सगळं मी असंच मोजते, ह्यांनी हसू दे.

तर मावशींकडे एक भाजी आणि भात ३० बाट, दोन भाज्या भात ४०, तीन घेतल्या तर ५०. लाल भात, पांढरा भात, रेट तोच. दोघांचं दुपारचं पोटभर जेवण ८० बाटमधे, आपले सव्वादोनशे रुपये, चिपळूणला स्टँडसमोर थाळी खाल्ली तरी एवढे होतातच. इथे इंडियन रेस्टॉरंट भरपूर आहेत, पनीर-नानवाले, पण दोघांचे एका वेळचे चारशे बाट सहज जातात. वाढदिवसाला ठीक आहे. रोज गेलात तर तीन महिन्यात परतीचं तिकीट काढाल.

स्वयंपाक का करत नाही असं बहीण फोनवर दर वेळी विचारते. एक तर खोलीत किचनच नाही, आमच्यासारख्या स्वस्त खोल्यांमधे एक फ्रिज, एक बेसिन, पाणी तापवायची किटली, संपलं, इथली माणसंच घरी कमी रांधतात. आणि दुसरं म्हणजे मी चौतीस वर्षं पहाटे पाचला उठून डबे केले आहेत. ह्यांनी एक छोटा राईस कुकर आणलाय, रविवारी त्यात खिचडी लावतात, तेवढं पुरे.

पद्धत सांगते कारण पहिल्यांदा गोंधळ होतो. काचेच्या कपाटात बारा-तेरा स्टीलच्या ट्रे असतात. मेनू नाही, बोट दाखवायचं. 'सोंग यांग' म्हणजे दोन प्रकार, 'साम यांग' म्हणजे तीन. त्या प्लेटमधे भात घेतात, वर भाज्या वाढतात, पैसे तिथेच द्यायचे. क्यूआर लावलाय पण त्याला इथल्या बँकेचं खातं लागतं, पाहुण्यांनी सुट्टे न्यावेत, हजाराची नोट काढली की मावशींचा चेहरा बघण्यासारखा होतो. पातळ सूप फुकट, बर्फाचं पाणी फुकट, स्वतः घ्यायचं. ताट उचलून मागच्या टपात स्वतःच ठेवायचं. चमचे-काटे एका राईस कुकरच्या शेजारी असतात आणि त्या कुकरमधे उकळतं पाणी असतं, चमचा त्यात बुडवून घ्यायचा, निर्जंतुक म्हणून. ह्यांनी पहिल्या दिवशी ते पाणी सूप समजून वाटी भरून घेतलं, वर मीठ मिरपूड घालून अर्धं प्यायले पण, आणि मला म्हणाले सूप जरा पाणचट आहे. मावशींनी बघितलं होतं. काही बोलल्या नाहीत, नुसती ती वाटी उचलून खरं सूप आणून ठेवलं. अजून हे कुकरकडे गेले की काउंटरमागून खुदकन् आवाज येतो.

चवीचं बोलायचं तर भोपळ्याची परतलेली भाजी रोज असते आणि ती अगदी घरची वाटते, फक्त मोहरी नाही. नाळीची भाजी असते, मोठ्या आचेवर परतलेली, देठ कुरकुरीत. कारल्याचं पातळ सूप असतं ते ह्यांचं आवडतं, मी हात लावत नाही. टोमॅटो आणि सोयाबीनची एक लालभडक चटणी असते, 'नाम फ्रिक ओंग' म्हणतात, मूळची डुकराच्या मांसाची पण इथे सोयाची, ती चिकट भाताच्या गोळ्याला लावून खायची. आणि आठवड्यातून एकदा, बहुतेक गुरुवारी, कच्च्या फणसाची भाजी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिथेच उभी राहिले. उत्तर थायलंडचा हा जुना पदार्थ आहे, गेंग खानुन, खानुन म्हणजे फणस. पातळसर असते, छोटे टोमॅटो आणि कसला तरी उग्र वासाचा पाला घालतात, ओलं खोबरं नाही, वालाचे दाणे नाहीत, पण दाताखाली फणस तोच हो, दोऱ्या दोऱ्यांचा. मी घरून नेलेल्या गोड्या मसाल्याची पुडी एकदा पर्समधून काढून वर भुरभुरली. मावशींनी बोटावर घेऊन चाखला आणि नाकाला हात लावला, आवडला की नाही ते अजून कळलेलं नाही.

एका गोष्टीला जपून. नकली मटण. सोयाचे आणि ग्लुटेनचे तुकडे करून बदक, मासा, डुक्कर असं हुबेहूब बनवतात, माशाला तर समुद्री शेवाळाची काळी साल पण चिकटवतात. आम्ही जन्मात खाल्लं नाही ते असं खोटं का खायचं, मला ताटात बघवतच नाही. हे मात्र चवीने खातात आणि म्हणतात नव्वद टक्के मित्र मटणासाठी एवढं का भांडायचे ते आता कळलं. ज्याचा त्याचा प्रश्न, पण बोट दाखवताना आधी नीट बघा.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, मीठ. मीठ असं घालत नाहीत, सोया सॉस घालतात, आणि वर साखर. प्रत्येक गोष्टीत थोडी साखर. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, पहिल्या दोन महिन्यात आकडा चढला तेव्हा डोकं धरलं, कारण आमचा मेडिक्लेम फक्त भारतात चालतो आणि इथे आजारी पडणं म्हणजे बजेटचे बारा. 'कमी मीठ घाला' सांगून उपयोग नाही, सगळं सकाळीच शिजून तयार असतं. मग मी असं ठरवलं की एकही रस्सेवाली भाजी घ्यायची नाही, दोन्ही सुक्या घ्यायच्या, सूप अर्धीच वाटी, आणि बाजारातून काकडी-पेरू आणून सोबत खायचे. आकडा खाली आला. ज्यांना शुगर आहे त्यांनी लाल भात घ्यावा आणि भोपळ्यावर फार जीव टाकू नये.

दुसरी, वेळ. सकाळी सातला उघडतात, साडेअकरानंतर चांगल्या ट्रे संपतात, एक वाजता शटर. रविवारी बंद. चिनी नवीन वर्षाला न सांगता आठवडाभर बंद होतं, पाटी लावली असेल कदाचित पण मला काय कळणार, आम्ही तीन दिवस रोज जाऊन शटर बघून आलो. संध्याकाळचं तिथे मिळत नाही त्यामुळे दुपारीच बांधून घ्यायचं.

हे बांधून देणं बघायला मी खरं सांगते पाच मिनिटं जास्त थांबते. प्लास्टिकच्या पिशवीत भाजी ओततात, तोंड धरून एक झटका देतात की आत हवा भरून पिशवी फुग्यासारखी टम्म होते, मग रबर बँड दोन बोटांवर ताणून तीन वेढे आणि एक पीळ, दोन सेकंदात काम खलास. एक थेंब सांडत नाही, आणि सोडताना रबरचं एक टोक ओढलं की सुटतं. पोस्टात मी आयुष्यभर गठ्ठे बांधले, मला सुतळीत कोणी हरवत नाही, पण हे जमत नाही. आता प्लास्टिक नको म्हणून मी स्टीलचा डबा नेते, मावशी डब्यात जरा जास्तच घालतात असा माझा अनुभव आहे, त्यामुळे पर्यावरण पण आणि चार चमचे पण.

दही मिळणार नाही, ताक नाही, पोळी नाही. चहा दुधाचा नाही. दही आम्ही सुपरमार्केटमधून आणतो, साखर नसलेलं शोधून, महाग पडतं.

नऊ दिवसांचा जे उत्सव असतो तेव्हा गेलात तर खानावळीबाहेर रांग, सगळं शहर पिवळ्या निशाणांनी भरून जातं आणि एरवी मांस विकणारे पण जे विकतात. २०२४ ला तो आणि आपलं नवरात्र एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला सुरू झालं. मला वाटलं दर वर्षी असंच असणार, मी २०२५ ला घटस्थापनेपासून वाट बघत बसले आणि काही नाही, त्यांच्या पंचांगात त्या वर्षी अधिक महिना आला होता म्हणून सुरू झालं ते २१ ऑक्टोबरला, आपल्या लक्ष्मीपूजनाला. दिवाळीचा फराळ म्हणून मावशींकडची तळलेली तारोची भजी खाल्ली. तारो म्हणजे आपला अळकुडीचा भाऊ.

महिन्याचा हिशोब विचारतात बरेच जण. खोली ६,५००, लाईट हजार-बाराशे (मालक युनिटला ७ बाट लावतो, सरकारी रेट चारच्या आसपास आहे, म्हणून एसी फक्त झोपताना), जेवणखाण सगळं धरून सात-साडेसात हजार, त्यातलं निम्मं मावशींकडे. प्यायचं पाणी रस्त्यावरच्या मशीनमधून, एक बाट टाकला की लिटरभर, बाटल्या घेऊन हे रोज सकाळी जातात. लाल सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली पिकअप, शहरात माणशी ३० बाट, म्हणून आम्ही शक्यतो चालतो, दोघांचे साठ म्हणजे दोन माणसांच्या जेवणात फक्त वीस कमी. बाकीचं किरकोळ धरून सगळं मिळून वीस-बावीस हजार बाट. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत इथे शेतं-जंगलं जळतात, धुराने समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो, तेव्हा आम्ही री-एंट्री परमिट (बाहेर गेलं तरी व्हिसा टिकावा म्हणून) काढून चिपळूणला. तिकडे आंब्याचं बघायचंच असतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा सोया सॉसला कापला. गेलात तर साडेदहाच्या आत जा, गुरुवार असेल तर दहाच्या, आणि फणसाची ट्रे डावीकडून तिसरी असते, बोट नीट दाखवा, चौथ्यात बदक आहे.